चार बोटं

लीलाम्मा सिस्टरनं विचारलं, कांजिण्या येऊन गेल्यात का तुला?
मी मास्क खाली केला, भुवईवरचा खड्डा दाखवला.
याच खड्ड्यापायी दोन स्थळं
चहा पिऊन परत गेली होती.
सिस्टर म्हणाली, बरं झालं. बारा नंबर तुझा.

बारा नंबर म्हणजे टोकाची खोली.
खिडकीतून ऐरोलीची खाडी, ओहोटीला नुसता चिखल.
आणि कॉटवर पदूबाई, मुक्काम गोठिवली,
वयाच्या रकान्यात सत्तर, पुढं प्रश्नचिन्ह.
पाठीच्या कण्यापासून डावी कूस धरून
पोटाकडं निघालेली नागीण.

अंजनीला दारातच थांबवलं, तिला पाचवा लागलाय.
जेवणवाला पोरगा ताट उंबऱ्यावरून आत सरकवतो
आणि हात पँटला पुसतो.

घरून निघताना कुणी गेरू थापला होता.
तो वाळून भेगाळलेला, खाली फोड.
सलाईनच्या पाण्यात बोळा बुडवून
एकेक ढलपी सोडवायला पाऊण तास गेला.
ओढायचं नाही. भिजू द्यायचं, थांबायचं.
खाली भिजल्या साबुदाण्यासारखे दाणे, रांगेनं.
ती रडली नाही.
शिव्या दिल्या, आधी नागिणीला, मग सुनेला, मग सिडकोला.

म्हणाली, मिठागरात टाचा फुटायच्या,
भेगांत खारं पाणी शिरायचं,
तवा पाय तरी उचलून ठेवता यायचा.
ही कूस कय उचलून ठेवू गो?

चादर नको, पंखाही नको.
मग फळमार्केटच्या एका हमालाकडून
हापूसची रिकामी पेटी मागून आणली.
तळ काढला, खिळे ठोकून आत घातले,
कडांना कापूस आणि चिकटपट्टी.
ती तिच्या अंगावर कमानीसारखी ठेवली, वरून चादर.
राऊंडला डॉक्टरांनी बघितलं, बोलले काही नाही.
दुसऱ्या दिवशी विचारलं,
अजून एक मिळेल का?

रात्री दहाची गोळी दिली की तिचा प्रश्न:
तोंड कवर आयला गो?
तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातं,
हे तिला आईनं सांगितलेलं.
डॉक्टरांनी कागदावर शीर काढून दाखवली,
एका बाजूची शीर, पलीकडं जात नाही.
तिनं मान डोलावली.
ते गेल्यावर मला विचारलं, कवर आयला?

मग मी बेंबीपासून मोजायची,
हातमोज्यातली बोटं, न टेकवता, हवेत.
एक, दोन, तीन, चार.
चार बोटं मागं आहे, पदूबाई.
काल पन चारच?
चारच.
मग झोपायची.

सहाव्या रात्री तीन भरली.
पुन्हा मोजली. तीन.
ती पेटीकडं नाही, माझ्या डोळ्यांकडं बघत होती.
खोटं बोलले असते,
तर उद्यापासून कुठल्याच आकड्याला अर्थ राहिला नसता.
तीन, म्हटलं.

खाडीच्या पुलावरून ट्रक जात राहिले.
बऱ्याच वेळानं म्हणाली, तुजी बोटा बारीक हान.
आणि स्वतःचा हात आणला,
मीठ ओढून ओढून जाड झालेला.
तिच्या बोटांनी दोनच भरली.
बघितलंस, म्हणाली, आनि हसायला लागली,
हसताना कूस हलली, कळ आली,
कळीतच शिवी, शिवीत परत हसू.
मी तिच्या तोंडाशी पाण्याचा पेला धरून उभी,
मास्कच्या आत ओठ चावत.

त्यानंतर रोज तिच्याच बोटांनी.
दोन. दोन. दोन.

खपल्या पडल्या, डिस्चार्जचा कागद आला.
परकराची गाठ मी उजव्या बाजूला बांधली, सैल.
पहिल्यांदा हातमोजा नव्हता.
डॉक्टरांनी सांगितलं, कळ राहील काही महिने,
कदाचित जास्त.
ती म्हणाली, म्हंजे नागीन गेली आन बील रायला.

घरी जाण्याआधी मी वॉर्डच्या नळावर कोपरापर्यंत हात धुते,
कपडे पिशवीत, पिशवीला गाठ.
बाळ्याला अजून आल्या नाहीत.
दिघ्याला पोचेपर्यंत तो दारात बसलेला असतो
आणि आंघोळ होईतो मी त्याला लांबूनच रागावते.

पेटी सध्या सात नंबरला आहे.
चादर पातळ झालीय धुऊन धुऊन,
दिवा लागला की तिच्यातून
उलटी अक्षरं दिसतात, देवगड.