निरंक

सकाळी सहाला दार उघडते तेव्हा बाहेर
अजून रात्रच असते. आमच्या फ्योर्डात हिवाळ्यात
सूर्य डोंगरापलीकडूनच माघारी वळतो,
अडीच महिने अंगणात पाऊल टाकत नाही.
मी कपाळाला दिवा बांधते,
एगिलचे बूट चढवते, आत दोन मोजे जास्त,
आणि दोरी धरून पेटीपाशी जाते.

पेटी पांढरी, झडपांची. आत पारा.
वाकून वाचायचा, श्वास रोखून,
नाहीतर आपल्याच उबेने आकडा चढतो.

तेहेतीस वर्षं हे आकडे मी रेक्याविकला कळवले.
वारा ईशान्येचा. दृश्यता दोनशे मीटर.
ताजं हिम अकरा सेंटीमीटर.
पलीकडचा आवाज म्हणायचा, मिळालं.
एवढंच. आवाज बदलत गेले, शब्द तोच.

प्रार्थना मला कधी जमली नाही, प्रभू.
पाळक थोर्गिल्स बोलायला लागले की
शब्द कसे मेंढ्यांसारखे
एकामागून एक खिंडीतून उतरायचे.
माझं एखादं कोकरू यायचं, तेही लंगडत.
मग मी तुलाही आकडेच सांगू लागले.
वहीच्या डाव्या पानावर हवामान,
उजव्या पानावर तू.

उणे नऊ. डावा गुडघा दुखतो.
स्वाल्लाचा तीन आठवडे फोन नाही, चूक बहुधा माझीच.
कॉफी संपत आली.
तू बरा आहेस ना?
(असं विचारतात का देवाला, ठाऊक नाही. मी विचारलं.)

मग त्या ऑक्टोबरात
शेजाऱ्याचा मेंढा पलीकडच्या खडकावर अडकला
म्हणून एगिल होडी घेऊन गेला.
मेंढा आला.
पोहत.

त्यानंतर उजव्या पानावर
रोज तारीख घातली आणि पुढे लिहिलं: निरंक.
जागा कोरी सोडली नाही. कोरी जागा म्हणजे गैरहजेरी.
निरंक म्हणजे मी आले होते,
पाहिलं,
मोजण्यासारखं काही नव्हतं.
एकशे चार वेळा लिहिलंय. परवाच मोजलं.

सूर्य खिडकीच्या कडेला पहिल्यांदा परत लागतो
त्या दिवशी आमच्याकडे पातळ गोड धिरडी करतात.
हाताच्या सवयीने मीही केली, दोघांपुरती.
पहिली चार उभ्यानेच खाल्ली,
मुरंबा न लावता, भांडल्यासारखी,
आणि पीठ लागलेल्या बोटांनी वही ओढली:
राग. सोसाट्याचा. दिशा: तुझी.
पान अजून तेलकट आहे तिथे.
दुसऱ्या दिवशी निरंक लिहायला गेले तर
लिहिवेना.
बोलण्यासारखं इतकं साचलं होतं
की समासातसुद्धा लिहिलं.

गेल्या शरदात दोन मुलं आली, ट्रक घेऊन.
त्यांनी खांब रोवला. आता खांब स्वतःच वाचतो,
दर दहा मिनिटांनी स्वतःच कळवतो,
त्याला गुडघे नाहीत.
मला फुलं मिळाली, प्लास्टिकच्या कागदात,
आणि एक प्रमाणपत्र. माझ्या नावातला एक 'न' गळलेला.

पेटी मात्र त्यांनी नेली नाही. विसरले असतील.

दुसऱ्या दिवशी सहाला जाग आलीच.
दोरी धरून गेले. वाचलं. उणे दोन.
कळवायला कुणी नव्हतं, आणि मी तिथेच उभी,
बर्फ बुटात शिरत होतं,
मिळालं असं कुणी म्हटलं नाही.
खरं सांगते, कुणीच म्हटलं नाही.
तरी घरात परतायची घाई वाटेना,
जशी एगिल जाळं आवरत असताना
मला कधी घाई वाटायची नाही.

हल्ली मी श्वास रोखत नाही.
झडप उघडी ठेवून जवळ उभी राहते,
गेल्या रात्रीचं काहीबाही सांगते,
आणि माझ्या उबेने पारा
किंचित वर सरकतो.
चुकीची नोंद.
तीच लिहिते,
उजव्या पानावर.