गोमाशीच्या डोळ्याचा हिरवा

चौतीस वर्षं मी सूत रंगवलं,
ब्लुमेनाऊच्या रंगखात्यात, दुसरी पाळी.
नखांच्या कडा सोमवारी निळ्या, गुरुवारी लाल,
आणि मागून वाहणारी नदी
त्या दिवशी आम्ही जे धुतलं त्या रंगाची.
लोक पुलावरून बघून सांगायचे
आज कुठले टॉवेल निघाले.
पुढे कायदे आले, नदी पुन्हा गढूळ झाली.
बरं झालं. तरी पुलावर गेलो की
मी अजून खाली वाकतो.

शेजारची जुसारा कुंपणावरून म्हणाली,
"सेऊ एवाल्दो, धातू रंगवता येतो?"
तांदळाच्या रिकाम्या पिशवीत ॲल्युमिनियम:
चार पाट्या, दोन कंस, चाकाची एक थाळी.
तिच्या लढाऊ रोबोटचे सुटे अवयव.
नाव गोमाशी, कारण चावली की सोडत नाही.
"रंग कुठला?"
"तिच्याच डोळ्याचा. जवळून बघितलाय कधी?"
बघितलाय. चावायच्या आधी.

म्हटलं, स्प्रे मारून टाक की.
तिने असं पाहिलं, जणू मी
लग्नाचा टेबलक्लॉथ खडूने रंगव म्हणालो.

गॅरेजचं दार सताड उघडं. चष्मे. रबरी हातमोजे.
आधी साबण, मग कॉस्टिक सोडा:
पाट्या फेसाळल्या, चिडल्या, काळ्या पडल्या,
आणि धुतल्यावर इतक्या कोऱ्या
की मला त्यांच्यापुढे बोलायला संकोच वाटला.
पाण्यात ॲसिड, ॲसिडात पाणी कधीच नाही,
हे मी सांगायच्या आत तिनेच मला बजावलं.
एका तारेला शिशाचा पत्रा,
दुसरीला पाट्या, वर माझ्या गाडीचा चार्जर.
मग तासभर काहीच नाही.
बारीक बुडबुडे, सोडा-लिंबासारखी कुजबुज.
"कातडी येतेय तिला," जुसारा म्हणाली,
"न दिसणाऱ्या विहिरींची. सगळ्या रिकाम्या."

आतल्या शेगडीवर मी रंग लावला होता:
आधी पिवळा, मग चमच्याचमच्याने निळा,
शेवटी चिमूटभर तपकिरी,
कारण निव्वळ हिरवा नेहमी खोटं बोलतो.
दुकानातली कापडाचीच पुडी.
सूत रंग पितं, एवढं मला ठाऊक होतं.
धातूला तहान लागते
हे साठी उलटल्यावर कळलं.

एक कंस कोराच निघाला.
तार सैल होती, वीज पोचलीच नाही.
पालथ्या घड्यावर पाणी.

आणि तिसऱ्या पाटीच्या कोपऱ्यात
अंगठा. वळणं, भोवरा, मधून तिरकी चीर.
ती चीर माझी, एका पुरातली,
पत्र्याखालून सुताचे गठ्ठे ओढताना पडलेली.
मधेच हातमोजा काढून
पाटी तोलून बघितली होती मी, क्षणभर,
कापडाचा पोत बघावा तशी.

"परत सोड्यात घालू," मी म्हणालो.
तिने कॅलिपर लावलं.
बेअरिंगचं भोक आधीच पाच शतांश मोठं.
अजून एक आंघोळ, आणि बेअरिंग खुळखुळणार.
बराच वेळ ती त्या अंगठ्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, "पाणी उकळलं का?"

अर्धा तास उकळत्या पाण्यात.
विहिरींची तोंडं बुजली, आत जे होतं ते राहिलं.
मी जुन्या सवयीने पांढरं फडकं घासलं:
फडकं पांढरंच.

स्पर्धेत गोमाशी दुसऱ्या फेरीत उलटली.
परत आली तेव्हा हिरव्यात करवतीचा खोल चरा,
आत लख्ख पांढरा धातू.
कोरा कंस तिने तसाच बसवला होता. तोच शाबूत.

"पुढच्या वेळी लाल," ती कुंपणावरून म्हणाली.
"कुठला लाल?"
"विचार करून सांगते."

मी आत येऊन कपाट उघडलं.
माझ्याकडे अकरा लाल आहेत.