एक वीत

भूपाल मगदूमांच्या ऑफिसात
टेबलाखाली चिखलाचे बूट,
टेबलावर, ट्रेसिंग पेपर उडू नये म्हणून,
हळदीचा वाळका गड्डा.

मी तिथं ड्राफ्ट्समन. पगार वेळेवर,
साहेब कधीच नाहीत:
कसबे डिग्रजला पाण्याची पाळी रात्री दोनची,
म्हणून दहाची मीटिंग बाराला.

सांगलीतले एक डॉक्टर म्हणाले,
दर्शनी बाजू सगळी काचेची हवी.
तोंड कुठं?
पश्चिमेला.
"घरी म्हशी आहेत?"
नाहीत.
"असत्या तर त्यांनीच सांगितलं असतं."
ते काम गेलं. मी चिडलो.
साहेब भांगलणीला गेले.

एकदा मला हरिपूरच्या पेवात उतरवलं.
आधी दिवा सोडायचा, तो विझला नाही तर माणूस.
खाली त्यांनी मातीला तळहात टेकला.
"सिमेंट नाही, खिडकी नाही, वर्षानुवर्षं हळद टिकते.
कुणी काढला असेल प्लॅन?"
कुणीच नाही, मी म्हणालो.
"त्या कुणीचंच नाव हवंय मला."

मग नदीकाठच्या शाळेचं काम आलं.
लेव्हलचं मशीन गाडीतच ठेवून
ते गंगव्वा कुंभारणीच्या दारात बसले.
पाणी कुठवर आलं होतं?
तिनं छातीवर हात ठेवला. मग म्हणाली,
"पर तवा मी ल्हान हुते."
तो हात, ते वय, दाराची उंची
उसाच्या वजनपावतीमागं मांडून
जोतं धरलं साडेसात फूट.
इंजिनियर हसले: शाळा का किल्ला?
बिल वर्षभर अडकलं.

त्या श्रावणात कृष्णा आली.
डिग्रजची दीड एकर हळद गेली,
कुजका वास दिवाळीपर्यंत.
त्यावर ते कधी बोलले नाहीत.

नावेतून शाळेत पोचलो.
दोनशे माणसं, शेळ्या, एक शिलाई मशीन,
सगळी बाकांवर.
खाली वर्गात पाणी: एक वीत.

लोक हात जोडत होते.
साहेब वाकले, भिंतीला वीत लावून पाहिली,
माझ्या कानावरची पेन्सिल काढली,
पाण्याच्या काठाशी आडवी रेघ ओढली
आणि ज्या अक्षरात ते नकाशावर उत्तर दिशा लिहायचे
त्याच अक्षरात लिहिलं:
चुकलो. भू. म.

पुढं शाळेला रंग दिला
तेव्हा रंगाऱ्यानं तेवढी जागा सोडली.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

परवा नव्या बाईंनी विचारलं,
हे भू. म. कोण?
मागच्या बाकावरून एक पोरगं म्हणालं,
भूमितीचे मास्तर असतील.