अर्थ

पहिल्यांदा कट्ट वाजलं, मग घुर्रर्र, मग नुसतीच कण्हली.
मी पुन्हा दाबलं. पुन्हा. अंगठा पांढरा होईपर्यंत.
रे रोडच्या पुलाखाली, भंगाराच्या दुकानांसमोर,
मागच्या सीटवर बर्फाची पेटी,
आत रक्ताच्या एकोणीस नळ्या,
परळच्या लॅबमध्ये साडेअकराच्या आत पोचवायच्या.
अकराला पाच कमी होते.

वास आला तेव्हा वाटलं, कुणीतरी वायर जाळून तांबं काढतंय,
इथे रोजच काढतात.
मग कळलं, वास माझ्याच गाडीचा.
वाकून मोटरला बोट लावलं
आणि झटकन तोंडात घातलं.

गाडीला किक नाही.
शोरूमवाला म्हणाला होता, किक आता कोण मारतो साहेब.
धक्का मारून पाहिला एकट्याने,
पेटी कलंडायला लागली. सोडून दिलं.

पास्कोलने चहाचा ग्लास खाली ठेवला नाही.
तिथूनच म्हणाला,
"बटणावरचा अंगठा काढ आधी.
तू दाबतोस म्हणून ती जळते."
मग आला. मोटरपासून वीतभर लांब हाताची पाठ धरली.
"वीस मिनिटं."
"वीस?"
"गरम मोटर खोटं बोलते. निवू दे, मग विचारू."

वीस मिनिटं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.
पेटीचं झाकण उघडून पाहिलं, बर्फ निम्मा.
वरच्या नळीवर चिठ्ठी:
कुंदा वायंगणकर, ६१, उपाशीपोटी.
झाकण लावलं.
लावून काही होणार नव्हतं, तरी वर रुमाल घातला.

बॅटरी ठीक. साडेबारा.
रिले ठीक.
मग मीटरची काळी सुई बॅटरीच्या काळ्या टोकावर,
लाल सुई इंजिनच्या उघड्या धातूवर.
"आता दाब. एकदाच."
आकडा हलला. अडीच.
"अडीच व्होल्ट रस्त्यातच खातंय कुणीतरी.
अर्धपोटी राबवलंस तिला,
वरून हाकेवर हाक मारलीस.
तापणार नाही तर काय?"
मीटर खिशात टाकत म्हणाला,
"अर्थ लागत नाहीये हिला."

दहावीला मराठीत बेचाळीस मार्क पडलेला माणूस मी,
त्या घाईतही हसू आलं.
निबंधाच्या वहीवर बाई लाल शाईने
हेच तीन शब्द लिहायच्या.

सीट काढली. खाली काळी जाड वायर,
चासीला जिथे कसलेली, तिथे बोल्टवर
हिरवट पांढरी साय.
"शिवडीला खाडीच्या कडेला लावतोस ना रात्री?
मीठ आहे हे."

दोन वर्षं मी हिची टाकी पुसली,
आरसे पुसले, नंबरप्लेटवरचा चिखल नखाने खरवडला.
इथे एक बोल्ट असतो
आणि सगळं त्याच्यावर परत येतं,
कुणी सांगितलंच नाही. मी विचारलंही नाही.

पॉलिशपेपरने घासत राहिला तो, धातू उजळेपर्यंत.
बोल्ट आवळला, वर बोटभर व्हॅसलीन फासलं.
मी अंगठा टेकवला,
आणि ती उठली, पहिल्या हाकेला.

पास्कोल कान लावून उभा.
"कार्बन थोडे जळलेत आतले. चालेल.
कधीपर्यंत ते मला विचारू नको."
ऐंशी रुपये घेतले.
त्यातले साठ, म्हणाला, थांबायचे.

अकरा बावन्न. खिडकीतल्या बाईने
पेटीतल्या पाण्यात बोट बुडवलं,
अठरा नळ्या आत घेतल्या,
एक बाजूला ठेवली.
"यांना उद्या पुन्हा उपाशी यायला सांगावं लागेल."

मी सांगतो, म्हणालो.
खाली आलो, गाडीला टेकून नंबर काढला,
आणि हिरव्या बटणावर
अंगठा ठेवायच्या आधी
थोडा वेळ तसाच उभा राहिलो.