दुसरी तबकडी

आमच्या शहराच्या नावाचा अर्थ होडी.
नदी मात्र कुठे दिसत नाही,
गिरणीवाल्यांनी ती केव्हाच जमिनीखाली घातली.
वूचमधल्या पोरांना हे शाळेत सांगतात
आणि ती हसतात.

माझ्या वरच्या मजल्यावर दोघं राहतात,
बोग्ना आणि तिमोन.
पहिली तबकडी गोड होती म्हणे त्यांची.
कॅफेत वाजायची, गाद्यांच्या जाहिरातीत वाजली,
तिच्या पैशांतून फ्रिज आला.
दुसरीच्या वेळी काय बिनसलं कोण जाणे.
नोव्हेंबरभर माझ्या छताचा चुना
सूपमध्ये पडत राहिला.

समोरचे कुबिक पोलिसांना फोन करून करून थकले.
मला विचाराल तर
त्रास असा नव्हताच.
एकतीस वर्षं मी एकटीने सहा माग सांभाळले.
त्यात कान गेले. सगळे नाही,
नाजूक तेवढं गेलं:
चिमण्या, किटलीची शिटी, नातवाच्या बोलण्यातला स.
जाडंभरडं अजून येतं ऐकू.

एका रात्री झाडूच्या दांड्याने
छत ठोकलं मी. रागाने नव्हे,
ठेका चुकत होता त्यांचा.
धोटा जातो, आपटतो, परत येतो,
आणि परत येताना अर्धा श्वास रेंगाळतो
कारण लाकूड त्या बाजूने झिजलेलं असतं.
एवढंही कळू नये?

तिमोन माफी मागायला आला, खसखशीचा केक घेऊन.
मी त्याला टेबलावर बोटांनी दाखवलं.
तो केक विसरला,
मोजे ओले होते, तसाच उभा राहिला,
म्हणाला, पुन्हा करा. पुन्हा.
मग म्हणाला, झाडूने करा.

जानेवारीत मला वर नेलं.
भिंतींना गाद्या, पोट फाडलेला खेळण्यातला ऑर्गन,
वायरींचा गुंता, जसा आमच्याकडे
सोमवारी सकाळी सुताचा व्हायचा.
त्याने माझा तळवा स्पीकरवर ठेवला
आणि खातं सुरू झालं.
तेलाचा वास आला, खरंच आला.
माझा हात आपोआप
तुटलेला धागा शोधू लागला.

बोग्ना माइकपाशी. तोंड हलत होतं,
आवाज मात्र मला सापडेना.
कुणालाच नाही सापडत, तिमोनने कागदावर लिहिलं,
आम्ही तो मुद्दाम खाली घातलाय.
पुढे वर्तमानपत्रांतही तसंच आलं:
धुक्यातली परी, झोपेतलं कुजबुजणं,
शब्द असे नाहीतच.

आता हे बघा.
खात्यात आम्ही बायका ओठांवर बोलायचो.
कुणाला दिवस गेलेत, संप कधी, मुकादमाची बायको कशी चालते,
सगळं, तीस फुटांवरून, त्या कल्लोळात,
आणि मुकादमाला पत्ता नसायचा.

मी तिचे ओठ पाहिले.
ती म्हणत होती,
आई, मी किल्ली विसरले.
दार उघड. मी किल्ली विसरले.
सावकाश, पुन्हा पुन्हा,
जिन्यात बराच वेळ बसलेलं माणूस म्हणेल तसं.

तिची आई मी पाहिलेली नाही.
विचारलंही नाही कधी.
पण तोंडातून निघून गेलं, बिनआवाजाचं,
सवयच तशी:
पायपुसण्याखाली बघ, पोरी.

ती थांबली.
माझ्याकडे बघत राहिली, यंत्रं चालूच.
मग हसली, का रडली,
दोन्हीला ओठ सारखेच फाकतात,
तिथे माझी विद्या संपते.

तीच फेरी ठेवली त्यांनी.
चौथ्या गाण्यात मध्येच परी गप्प होते
आणि नुसता खडखडाट पुढे जातो.
जाणकार त्याचे अर्थ लावतात.
कुबिकांचा मुलगा तर म्हणतो, तो मृत्यू आहे.
असेल बापडा.

तबकडी माझ्याकडे आहे, वाजवायला यंत्र नाही.
पाठीमागे बारीक अक्षरांत छापलंय:
गेनोवेफा, तळमजला. झाडू.

छताला चुना अजून लावायचाय.