पन्नास मीटर

सकाळी नऊला सात जण.
जाकिटांचे पट्टे मी स्वतः ओढून बघते.
परक्या माणसांना इतक्या जवळून हात लावायची नोकरी,
न्हावी झाले नाही, नर्स झाले नाही,
तरी मिळाली.

‘वल्हं आवळू नका, कॉफीचा कप धरता तसं धरा.
उलटलात तर घाबरू नका, पाणी फक्त थंड आहे.’
रोज म्हणते. रोज कोणीतरी हसतं.
आज हसले विगोहून आलेले दोन बँकवाले.
त्या मायलेकी नाही हसल्या,
त्या भांडण घरूनच घेऊन आल्या होत्या.

सातवा सिप्रियानो, वय एकाहत्तर, पोहता येत नाही.
‘जन्मभर समुद्रावर, आणि पोहता येत नाही?’
‘पोहणाऱ्याला बुडायला जास्त वेळ लागतो, पोरी.’
त्याला माझ्याच होडीत घेतला, पुढच्या बाकावर.

ओहोटी अर्ध्यावर. पाइनचा वास पाण्यापर्यंत उतरलेला.
पिवळा बोया मागे पडला तसं मी सुरू केलं:
इथून पुढचा किनारा राखीव,
जुलैपर्यंत पाणकावळ्यांची घरटी,
खडकापासून पन्नास मीटर लांब राहायचं,
उतरायचं नाही, उचलायचं नाही,
शंखसुद्धा नाही.

‘हा बोडका,’ सिप्रियानो म्हणाला.
कोणाला म्हणाला कळलं नाही.
‘त्या दोघी जावा. मधली भेग बघ, बोलत नाहीत एकमेकींशी.
तो पाव. तो बेनितोचा उंबरा,
बेनितो तिथून परत आला नाही.’

माझ्या नकाशात हे सगळं मिळून
क्षेत्र चार.

गुहेपाशी बँकवाल्यांना फोटो हवा होता.
पाणी झोपलेलं. मी मनात अंतर मोजलं,
पन्नासाचे चाळीस झाले तर कोण बघतंय,
आणि वल्हं बुडवलं.
‘थांब.’
त्याची मान गुहेकडे नव्हती, बाहेर होती,
उघड्या समुद्राकडे, जिथे मला काहीच दिसत नव्हतं.
‘एक,’ तो म्हणाला. होड्या जराशा उचलल्या गेल्या.
दोन. तीन.
चौथी आली तेव्हा गुहा तोंडभर पांढरी झाली
आणि आवाज नंतर आला, पोटात.
मुलीने आईच्या होडीचा काठ धरला होता.
फोटो कोणीच काढला नाही.

परतताना वारा पाठीशी. त्याने वल्हं मांडीवर आडवं ठेवलं.
‘राखाडी बोटीवरचा तो गार्ड, रामिरो. तू त्याची?’
त्याची पाठ माझ्यापासून हातभर. मी हो म्हणाले.
‘त्या उंबऱ्यावर पकडलं मला.
दोन किलो पर्सेबे होते, ते गेले. दंड झाला, तोही भरला.
रास्पा मात्र माझ्या बापाची होती.
तिची मूठ त्याने हातात धरून धरून
त्याच्या हाताची करून ठेवली होती.’
मग बराच वेळ नुसतं पाणी.
‘कायदा बरोबर होता,’ तो म्हणाला.
‘आम्ही खरवडून नागडे केले होते खडक.
आता बघ, कसे काळेभोर भरलेत.’

मी वल्हवत राहिले. एक डावं, एक उजवं.
आमच्या ओट्याखालच्या खणात
पटाशीसारखं चपटं एक पातं आहे,
लांब मुठीचं, अंगठ्याखाली खोलगट.
भात करपला की आई त्यानेच पातेलं खरवडते.
जप्तीच्या कागदावर वडिलांनी काय लिहिलं होतं
ते आता विचारता येत नाही,
मागच्या हिवाळ्यापासून.

एक वाजता किनाऱ्याला सात जण. मोजले, पुन्हा मोजले.
मायलेकी एकाच टॉवेलला केस पुसत होत्या.
सिप्रियानोने जाकीट उलटं करून वाळत घातलं,
कोणी सांगितलं नव्हतं.
‘पेन्शन झाली तर शनिवारी येतो,’ म्हणाला.
‘तो पाव ओहोटीच्या तळाला बघायचाय.’

आज शुक्रवार.
आईने विचारलं, खणातलं ते कुठे गेलं.
म्हटलं, पातेलं भिजत घाल, निघेल.
माझ्या होडीत, पुढच्या बाकाखाली, टॉवेलात गुंडाळून
ते ठेवलंय.
काय बोलायचं ते अजून जमत नाहीये.
लाटा मोजायला तर तोच शिकवेल.