ठाण्यात बंदूक जमा करून येताना

निवडणूक लागली की बाराबोरी जमा करावी लागते.
दर वेळी शिवकन्येला सोबत नेतो, पावती तिनं ठेवावी म्हणून.
मला कागद सापडत नाहीत,
दहाचा पाना मात्र अंधारातही सापडतो.

पाथरीच्या ठाण्यात नवा हवालदार: रिकामी आहे ना, काका?
आहे म्हणालो, आणि तरी मोडून दाखवली.
दोन्ही नळ्यांतून खिडकीतला उजेड आरपार.
विश्वास आहे हो तुमच्यावर.
असू दे. रिकामी आहे म्हणणाऱ्यावरच
सगळ्यात कमी विश्वास ठेवायचा,
तो मी असलो तरी.

बावीस वर्षांत किती उडवल्या?
अकरा. सात बांधाच्या मातीत, डुकरांनी नुसता आवाज ऐकावा म्हणून.
तीन उगाच, तरुण होतो.
एकीचं सांगत नाही.
खरं शिकवलं ते बारावीनं
(इथं शिवकन्या हसते, तिची बारावी दोनदा झाली),
जी उडवलीच नाही.

पौषातली रात्र. हरभरा घाट्यावर आलेला.
टॉर्चच्या टोकाला दोन डोळे, हिरवे, हलेनात.
बोट चापावर नव्हतं, बाहेर आडवं होतं,
थंडीनं लाकूड झालेलं.
मुनीर उस्ताद गॅरेजात प्लग घासता घासता म्हणायचे,
डुकराचे डोळे असे चमकत नाहीत, बेटा.
चमकले तर आधी विचार, कोण आहे.
आणि डुक्करच असलं तर विचार, त्याच्या मागं कोण आहे.
मागं ऊस होता. उसामागं काय, ते माहीत नव्हतं.
माहीत नाही एवढंच माहीत होतं,
तेवढं पुरलं.

सकाळी टोळीचा मुकादम वाढ्यांचा भारा घेऊन दारात.
बैल सुटला होता रात्री, चार तासं खाल्ली म्हणाला.
त्याच्या मागं, उसापलीकडं, सतरा कोप्या
संध्याकाळीच उतरलेल्या.
मी त्याला चहा दिला. कप धरलेला माझा हात
त्यानं बघितला असेल, बोलला नाही.

असो. बुलेटचं सांगतो, ते सोपं आहे.
नट आधी बोटानं बसव, पाना नंतर.
पहिल्याच आट्याला जोर लागला तर आटा चुकलाय,
उलटा काढ, लाजू नकोस.
(स्थळं बघायला येतात तेव्हाही हेच.)
चेनचा ढिलेपणा माणूस बसवून मोज,
रिकाम्या गाडीची चेन खोटं बोलते.
काळी माती मडगार्डात दाटली की रेस करू नकोस,
उतर, तुरीची काडी घे, उकर.
झोपायच्या आधी पेट्रोलचा कॉक बंद.
झोप लागेना तर पुन्हा जाऊन बघ,
बंद असतोच, पण मग झोप लागते.

येताना ती चालवते, मी मागं.
खांद्यावर पट्टा नाही, हात उगाच तिथं जातो,
मग सीटच्या कडीला धरतो.
मानवत रोडच्या फाटकाला गाडी बंद करून बसलो.
मालगाडी गेली, कोळशाचे डबे मोजायचे राहिले.
फाटक उघडलं. मागं टेम्पोचा हॉर्न, त्याच्या मागं आणखी चार.
कामून थांबलीस?
सुई मधी यायलीय, बाबा.
लिव्हर दाबून किक हळूच खाली सरकवते,
सोडते, पाय वर घेते.
घाई करणाऱ्याला ही गाडी उलटी लाथ मारते,
तिच्या मामाच्या घोट्यात अजून सळई आहे.
टेम्पोवाला काहीतरी ओरडला.
तिनं वळून मागं बघितलं, नीट,
मग पुढं बघून एकच किक.

अर्ध्या रस्त्यात मला आठवलं.
पावती घेतलीस ना?
खिशात आहे, बाबा.
माहीत होतं मला.
दाखव.